फ्लॉरेन्समधले आपले महाराज

फ्लॉरेन्सला जाऊन मी सगळ्यात जास्त काय केलं तर रांगेत उभा राहिलो. उफिझी या चित्रसंग्रहालयात घुसलो तर त्रिबुना नावाच्या त्या लाल अष्टकोनी खोलीत पाय ठेवू देत नाहीत, दारातूनच मान घालून बघायचं, आणि मागचा आपल्या पाठीवर बॅग आपटतोय. झोफनी नावाच्या चित्रकाराने 1770च्या दशकात काढलेल्या चित्रात मात्र याच खोलीत इंग्रज श्रीमंतांची पोरं मूर्तींना खेटून गप्पा हाणताना दिसतात. ग्रँड टूर म्हणायचे त्याला. शिक्षण संपत आलं की बापाच्या पैशाने फ्रान्स-इटली, सोबत मास्तर, आणि त्या मास्तरला नाव काय तर अस्वलवाला! आपल्याकडच्या दरवेशासारखा. शिकले किती देव जाणे, रोममध्ये बातोनी नावाच्या चित्रकाराकडून स्वतःची पोर्ट्रेटं मात्र हौसेने काढून घेतली. मला तर रागच आला.



शेवटच्या दिवशी ट्राम पकडून कशिने पार्कला गेलो. ट्राममधून उतरल्यावर एवढं चालायचंय हे कोणी सांगितलं नव्हतं, नवे बूट चावत होते. पार पश्चिमेच्या टोकाला, जिथे मुन्योने नदी आर्नोला मिळते तिथे, समाधीवर असते तशा छत्रीखाली कोल्हापूरचे राजाराम महाराज (दुसरे). फेटा, दागिने, पुतळा चक्क रंगवलेला. 1870 साली इंग्लंड बघून परत येताना 30 नोव्हेंबरला इथे फ्लॉरेन्समध्ये वारले. वय वीस. त्यांच्यासोबतही कॅप्टन वेस्ट नावाचा इंग्रज होताच, म्हणजे इथेही दरवेशी आलाच. त्याने महाराजांची प्रवासाची डायरी 1872 मध्ये छापली. दहन तेव्हा इटलीत चालत नसे, खास परवानगी काढून इथेच संगमावर अग्नी दिला. पंचगंगेच्या घाटाऐवजी आर्नोचा काठ. पुतळा 1874चा, शेजारचा मोठा पूलही यांच्यामुळेच 'इंडियानो', म्हणजे भारतीयाचा.

उफिझीतला राग कुठल्या कुठे गेला. वीस वर्षांचं पोर हो, माझा भाचा त्या वयात एकटा पुण्याला जायचं म्हणलं तर तीनदा फोन करतो.

बाजूने लोक जॉगिंग करत जात होते, कोणी वर बघत नव्हतं. आईला व्हिडिओ कॉल लावला, कॅमेरा फिरवून पुतळा दाखवला. ती दोन मिनिटं काही बोललीच नाही. मग म्हणाली, "पायातलं काढलंस का रे?"

काढलं. तसेही बूट चावतच होते.