सैल घोटा, आखडलेला सांधा

सोलापूर–अक्कलकोट मार्गावर वाहक म्हणून काम करत असताना, २०२१ च्या पावसाळ्यात, एका थांब्यावर गाडीतून उतरताना माझा उजवा घोटा मुरगळला. एक्स-रेमध्ये हाड मोडलेले दिसले नाही, म्हणून क्रेप बँडेज बांधून मला घरी पाठवण्यात आले. पुढे कोणते व्यायाम करायचे, हे कोणीही सांगितले नाही. या गोष्टीचा मला आजही राग येतो. सूज पंधरा दिवसांत उतरली, पण पायाचा भरवसा गेला तो गेलाच. पुढच्या दोन वर्षांत तोच घोटा इतक्या वेळा मुरगळला की, चालत्या गाडीत उभे राहून तिकिटे देण्याचीही धास्ती वाटू लागली. अखेर मी विजापूर रोडवरच्या एका फिजिओथेरपिस्टकडे गेले.

त्यांनी मला अनवाणी भिंतीसमोर उभे केले. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि असे करताना पायाचा अंगठा भिंतीपासून किती लांब ठेवता येतो, ते मोजायचे, अशी ती चाचणी होती. डाव्या पायाचे माप ११ सेंटिमीटर भरले, उजव्याचे अवघे ५. तक्रार सैल घोट्याची आणि सांधा मात्र आखडलेला, हे मला उमगेना. त्यांनी सांगितले की, मुरगळण्यामुळे घोट्याच्या बाहेरच्या अंगाचे लिगामेंट ताणले जातात, त्यामुळे बाजूचा आधार कमी होतो. परंतु गुडघा पुढे झुकताना नडगीच्या खालचे टॅलस नावाचे हाड जसे मागे सरकायला हवे, तसे ते अनेकांच्या बाबतीत सरकत नाही.

त्यावर त्यांनी न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट ब्रायन मलिगन यांची पद्धत वापरली. माझे पाऊल स्टुलावर ठेवून त्यांनी अंगठा आणि तर्जनी यांमधल्या बेचक्याने टॅलस दाबून धरले, नडगीच्या मागून घेतलेला रुंद पट्टा स्वतःकडे ओढला आणि मला गुडघा हळूहळू पुढे न्यायला सांगितले. “ताई, दुखलं की लगेच सांगा. दुखवून करायची ही गोष्टच नाही,” असे त्या पुनःपुन्हा म्हणत. दुखले नाही, आत काहीतरी अडलेले मोकळे व्हावे, तसे जाणवले. त्याच दिवशी माप ७ वर गेले.

पुढच्या आठवड्यात ते पुन्हा साडेपाचवर आले. मी खट्टू झाले, तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितले की, हाताने मिळालेली मोकळीक पायाने वापरली नाही, तर ती टिकत नाही, आणि आधार तर स्नायूंनीच द्यायचा असतो. मग घरची सोलापुरी चादर चौपदरी घालून तिच्यावर रोज सकाळी एका पायावर उभे राहणे आणि रबरी पट्टा बांधून पाऊल बाहेरच्या बाजूला ढकलणे सुरू झाले. चादरीवर पहिल्या दिवशी मी आठ सेकंदही टिकले नाही. भिंतीला हात लावावा लागला.

दोन महिन्यांनी माप ९ झाले. त्यानंतर घोटा एकदाच वळला, तोही अर्धवट; पाय आपोआप सावरला आणि मी पुढच्या प्रवाशाचे तिकीट दिले.