सहाचा गजर

गजर सहाचा, उठले पावणेआठला. धावतपळत नऊचं लेक्चर गाठलं तर मागचा बाक मिळाला, म्हणजे अर्धा फळा आणि पुढच्याचं अख्खं डोकं.

विषय होता विसरणं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग केले. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची, ठरावीक वेळाने तीच पुन्हा पाठ करायची आणि किती कष्ट वाचले ते मोजायचं. (केवढा तो संयम! मला माझा रोल नंबर आठवत नाही.) १८८५ मध्ये त्याने निष्कर्ष छापले: तासाभरातच निम्म्याहून जास्त उडून जातं, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून उजळणी परीक्षेच्या आदल्या रात्री एकदम नको, थोडी थोडी, अंतर ठेवून.

हे ऐकून भलताच उत्साह आला. मग प्रॅक्टिकल, लायब्ररीतली रांग, जर्नलवर सही, ग्रुप प्रोजेक्टच्या मीटिंगला चौघांपैकी दोघं. नेहमीचंच.

रात्री उजळणीसाठी वही उघडली. सकाळच्या पानावर तारीख, 'विसरणं' हे शीर्षक, खाली दोनदा अधोरेखित केलेलं 'महत्त्वाचं!' आणि पुढे पेनाची एक लांबलचक रेघ.

डोळा लागला होता वाटतं. कुणाकडे नोट्स आहेत का?