आणीबाणीत कोणाला कळवायचं?

डिसेंबरात इंग्लंडमधल्या लीड्सला दुपारी पावणेचारलाच सूर्य मावळतो. त्यामुळे आमच्या रनिंग क्लबचं मंगळवार संध्याकाळचं ट्रेनिंग डोक्याला टॉर्च बांधूनच होतं. मंगळवारी इंटरव्हल, म्हणजे थोडं जोरात, थोडं हळू असं आलटून पालटून पळणं, गुरुवारी गप्पा मारत हळू पळणं, शनिवारी सकाळी नऊला पार्करन ही सगळ्यांसाठी खुली धाव आणि रविवारी लांब पल्ला, बहुतेक वेळा लिव्हरपूलकडे जाणाऱ्या कालव्याच्या काठाने. नाशिकच्या गोल्फ क्लब ग्राउंडवर पळणाऱ्या आपल्या मंडळींना यात नवीन काही वाटणार नाही. फक्त इथे वेग मैलात सांगतात आणि मी मनातल्या मनात किलोमीटरचा हिशेब करेपर्यंत गट पुढे गेलेला असतो.

मला धक्का दिला तो नियमांनी. निघताना डोकी मोजायची, परतल्यावर पुन्हा मोजायची. एक लीडर कायम सगळ्यांत मागे. अंधारात चमकणारं जाकीट नसेल तर सरळ घरी. आणि प्रत्येकाच्या नावापुढे, शिवाय शर्यतीत छातीवर लावायच्या नंबराच्या, म्हणजे बिबच्या, मागच्या बाजूलाही, काही झालं तर कोणाला कळवायचं तो नंबर हवाच.

मी बाबांचा लिहिला. +९१ बघून लीडरबाई थबकल्या. साठीच्या पुढच्या, निवृत्त शिक्षिका. म्हणाल्या, "तू कालव्यापाशी घसरून पडलीस, तर हे किती वेळात पोहोचतील?"

"लगेच विमान मिळालं तर उद्या," मी हसत म्हटलं. त्या हसल्या नाहीत. पेन घेतलं, माझ्या नावापुढे स्वतःचा नंबर लिहिला, दहा मिनिटांवर राहते म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. झालं. घरी येऊन मी मात्र बराच वेळ रडले.

दुसऱ्या दिवशी त्याच गोष्टीचा राग आला. कारण या बाईंना माझ्याबद्दल काहीही माहीत नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. मी कुठे नोकरी करते, घरी कोण कोण असतं, काही नाही. नाशिकला पहिल्याच रविवारी सोमेश्वराच्या देवळापर्यंत पोहोचेस्तोवर ग्रुपमधल्या एका काकांनी माझं शिक्षण, बाबांची नोकरी, मूळ गाव आणि 'लग्नाचं काय' हे सगळं काढून घेतलं होतं. तेव्हा वैताग यायचा, कबूल. पण पहाटे पाचला अंधारात मुलगी एकटी नको म्हणून तेच काका सोसायटीच्या गेटपाशी येऊन उभे राहायचे. जानेवारीतल्या नाशिकच्या थंडीत, कानटोपी घालून! एखादा रविवार चुकला की मिसळ खाता खाता चारचौघांचे फोन यायचे, मागे पावाच्या ऑर्डरीचा आवाज. इथे मी सर्दी-खोकल्याने काही आठवडे गेले नाही, तर कोणी चौकशी केली नाही. नंतर कळलं, माझ्या खाजगी आयुष्यात ढवळाढवळ नको म्हणून! पलीकडे तापाने फणफणलेलं माणूस असलं तरी यांची सभ्यता दाराबाहेरच उभी.

पार्करनचं मात्र मनापासून कौतुक आहे. २००४ साली लंडनच्या बुशी पार्कात तेरा धावपटूंनिशी सुरू झालेली गोष्ट, पाच किलोमीटर, आजही फुकट आणि स्वयंसेवकांच्या जिवावर चालणारी. त्यात एक माणूस मुद्दाम शेवटी चालतो, म्हणजे शेवटचं येण्याची धास्ती दुसऱ्या कुणाला नको. आपल्याकडे शेवटचा माणूस येईपर्यंत मिसळीची पहिली प्लेट संपलेली असते. असो.

पळून झाल्यावर पबमध्ये बसलो की विषय हमखास ब्राउनली बंधूंवर येतो. ट्रायथलॉनमध्ये, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं अशा एकत्र शर्यतीत, थोरल्याने २०१२ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं घेतली, तो यांच्या गावचा. मीही मग आपल्या नाशिककडच्या धावपटू कविता राऊतला काढते. सावरपाड्यासारख्या आदिवासी पाड्यातली मुलगी, २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. त्यावर त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगराची फेरीही सांगून टाकते. तिसऱ्या श्रावणी सोमवारी वीसेक किलोमीटर, चिखलात, कित्येक जण अनवाणी, आणि त्याला कोणी फिटनेस म्हणत नाही. यावर एकाने विचारलं, "मग डोकी कोण मोजतं?" काय सांगणार कप्पाळ!

रक्तगटावर मात्र मी जिंकले. फॉर्मवर तो रकानाच नव्हता, तरी मी 'बी पॉझिटिव्ह' लिहून दिलं. टेबलावर बसलेल्यांपैकी जवळजवळ कोणालाच स्वतःचा माहीत नव्हता. आपल्याकडे शाळेच्या ओळखपत्रापासून तो पाठ असतो.

त्याच तोऱ्यात मी आपल्या नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, की आपणही अशी यादी करू या. मोठ्या मॅरेथॉनचे फॉर्म भरताना ही माहिती देतोच, मग रविवारी का नको? उत्तरं आली: "आपण सगळे एकमेकांना ओळखतोच की", "लीड्सला जाऊन फार शिस्त लागली हं", अंगठे, हात जोडलेले, आणि एक गुड मॉर्निंगचा गुलाब.

रात्री काकांचा वेगळा मेसेज आला. स्टेंट टाकलेला आहे, गोळ्या कोणत्या चालू आहेत, हॉस्पिटल कोणतं, मुलाचा पुण्याचा नंबर, सगळं व्यवस्थित. इतकी वर्षं आम्ही सोबत पळतोय. त्यांच्या नातवाचे दहावीचे मार्क मला तोंडपाठ आहेत, पण हे ग्रुपमधल्या कोणालाच ठाऊक नव्हतं. मी लगेच फोन लावला आणि म्हटलं, निदान सोबत पळणाऱ्या दोघा-तिघांना तरी सांगा.

"तुझ्यापाशी असू दे," काका म्हणाले. "ग्रुपवर टाकू नकोस. टाकलंस तर रविवारी ही मंडळी मला पळू देणार नाहीत."

"अहो काका, मी लीड्सला आहे!"

"मग काय झालं? फोन तर लगेच लागतो की."