तुम्ही विचारलंत म्हणून: मंगळावरचं लोणार

बुलढाण्यातल्या लोणारकडचा, उल्का आदळून झालेल्या विवराच्या गावाकडचा आहे म्हटलं की हल्ली पहिला प्रश्न हाच येतो, मंगळावर खरंच लोणार आहे का, की ते नुसतं व्हॉट्सॲपवरचं? तर आहे बरं का. मंगळाच्या उत्तरेला साधारण 11 किलोमीटर रुंदीचं विवर आहे, आपल्यासारखंच आदळून झालेलं, त्याचं नाव लोणार. नियम असा आहे की तिथल्या लहान विवरांना पृथ्वीवरच्या छोट्या गावांची नावं देतात, एक लाखाच्या आत वस्ती असलेल्या.

पण नाव सोडा, खरं नातं दगडाचं आहे. आमच्या वावरात नांगर घातला की काळा दगड निघतो, बाबा आयुष्यभर तो वेचून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टाकत आले, तो बेसाल्ट, म्हणजे थंड झालेला लाव्हा. मंगळाची जमीनही बरीचशी बेसाल्टचीच. आणि बेसाल्टमध्ये आदळून झालेली विवरं पृथ्वीवर बोटावर मोजण्याइतकी, त्यात इतकं नीट टिकलेलं आपलं, जवळपास 1.8 किलोमीटर रुंद, म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे इथले दगड तपासतात.

आजी लवणासुराची गोष्ट सांगायची, विष्णूनं त्याला मारलं ती जागा. अभ्यासकांपैकी बरेच जण कितीतरी वर्षं या विवराला ज्वालामुखी म्हणत राहिले, आजूबाजूला सगळा लाव्हाच म्हटल्यावर दुसरं काय वाटणार. मग 1973 मध्ये पुरावा छापून आला, तळाशी ड्रिल करून काढलेल्या दगडात फेल्डस्पार नावाचं खनिज न वितळता, नुसत्या धक्क्यानं काच झालेलं सापडलं. एवढा दाब ज्वालामुखीत होतच नाही! मला हे आजही वाचलं की अंगावर काटा येतो, कारण तोच आमचा धुऱ्यावरचा दगड, फक्त त्यानं तो धक्का खाल्लेला. काठावर तर दगडाचे थर बाहेरच्या बाजूला कललेले, काही ठिकाणी चक्क उलटे पडलेले दिसतात, त्याला मशीन नाही लागत, कुणीतरी दाखवलं पाहिजे फक्त.

वयाचं म्हणाल तर एका पद्धतीनं 52 हजार वर्षं येतं, दुसरीनं 5 लाख 70 हजार, वाद चालू आहे.

याल तेव्हा सकाळी लवकर या, धारेकडून, म्हणजे काठावरच्या झऱ्याकडून उतरा, कमळजा देवीच्या देवळापर्यंत चाला. आणि एक विनंती, दगड उचलून पिशवीत टाकू नका, जिथला आहे तिथंच राहू द्या, मागून बघायला येणारे आहेत.