अभ्रा

दोरीवरचे कपडे काढून आणले आणि उशांना अभ्रे चढवायला बसले. मला मनापासून नकोसं असलेलं काम. उशीचा एक कान तरी दुमडून आत राहतोच. आजी अभ्रा उलटा करून हात आत घालायची, आतूनच उशीचे दोन्ही कान पकडायची आणि सर्रकन वरून ओढायची. जुन्या सुती लुगड्याचे अभ्रे असायचे तिचे. जरीचं कितीही विरलं तरी उशीला नाही. "टोचतं रात्रभर, श्रीमंतीच ती," म्हणायची.

रशियनमध्ये अभ्र्याला 'नावलच्का' म्हणतात. त्यातला धातू ओढण्याचा. त्याच धातूचा जुना शब्द 'पावोलोका', म्हणजे वरून ओढून घ्यायचं आवरण. पण दहाव्या शतकात कीव्हच्या दरबारी पावोलोका म्हणजे बायझंटाइन रेशीम, राजेरजवाड्यांनी मिरवायचं. दुसरं भारी कापड 'ओक्सामीत'. ते आपलं ग्रीक नाव घेऊनच आलं: हेक्सामितोन, सहा धाग्यांचं. पावोलोकाही तिकडूनच यायची, पण तिला नाव मात्र घरचंच मिळालं.

जुन्या इतिवृत्तात 907 सालची एक गोष्ट आहे. बायझंटाइन राजधानी कॉन्स्टँटिनोपलवरची मोहीम फत्ते करून परतताना कीव्हचा राजा ओलेगने रूसांसाठी, म्हणजे स्वतःच्या लोकांसाठी, पावोलोकाची शिडं शिवायला सांगितली, फौजेतल्या स्लाव्हांसाठी दुसऱ्या एका उंची कापडाची. वारा सुटला आणि स्लाव्हांची शिडं टराटरा फाटली. ते म्हणाले, आपली जाडीभरडीच बरी. ही स्वारी झालीच नसावी, असं काही इतिहासकारांना वाटतं. वाटो बापडं. आजीला ही गोष्ट फार आवडली असती.

पुढे रूसांशी झालेल्या 944च्या तहात ग्रीकांनी, म्हणजे बायझंटाइनांनी, बंधन घातलं. रूस व्यापाऱ्यांनी 50 सुवर्णनाण्यांहून महाग पावोलोका घ्यायची नाही. घेतलेली बादशाही अधिकाऱ्याला दाखवायची, त्याचा शिक्का मारून घ्यायचा, मगच न्यायची. इथवर वाचताना मजा वाटत होती. तिकडेही जकातनाका होताच म्हणायचा.

त्याच तहात आणखी एक कलम आहे. रूसांचा गुलाम ग्रीकांच्या मुलखात पळाला आणि शोधूनही सापडला नाही, तर मालकाने शपथ घ्यायची आणि ग्रीकांकडून भरपाई घ्यायची. एका माणसामागे दोन पावोलोका.