सिमेंटखालचा शाप

शेंदराने माखलेला, कमरेएवढा दगड. माथ्यावर सूर्य-चंद्र. एवढ्यावरून काहीच ठरत नाही, कारण सूर्य-चंद्र वीरगळावर (वीराच्या स्मारकशिळेवर) असतात, सतीशिळेवर असतात आणि गधेगाळीवरही, म्हणजे गाढवाचं शिल्प आणि शाप कोरलेल्या दानाच्या शिळेवर. खालचं शिल्प पाहावं लागतं, आणि ते सुशोभीकरणात बांधलेल्या चौथऱ्याच्या सिमेंटमध्ये गेलेलं. गावातल्या एक आजी मात्र ठाम होत्या, "खाली गाढव हाय."

गुरवांनी नारळ ठेवला, मगच हात लावला. तेलातला शेंदूर अक्षरांच्या खाचांत घट्ट बसतो. तारेचा ब्रश, छिन्नी किंवा अ‍ॅसिड वापरलं तर शेंदराबरोबर अक्षराची कडही जाते. म्हणून बांबूची काडी, कोमट पाणी आणि मऊ ब्रश. वीतभर जागेला दीड तास लागला.

कोरलेला लेख वाचायला त्याचा कागदावर ठसा घ्यायचा होता. ठशाला खळ नसलेला, पाणी पिणारा कागद हवा. तो भिजवून दगडावर चिकटवायचा आणि राठ केसांच्या ब्रशने मधून कडेकडे ठोकत न्यायचा, म्हणजे आतली हवा निघते आणि कागद खाचांत उतरतो. ब्रश घासला की कागद फाटलाच. शाईची वेळ नेमकी साधावी लागते. कागद फार ओला असेल तर शाई पसरून अक्षरं बुजतात, पार वाळला तर तो दगड सोडतो. काजळी-डिंकाची शाई कापडाच्या बोंडल्यावर घेऊन आधी रद्दी कागदावर टिपायची, मग हलक्या हाताने ठशावर. पार्श्वभूमी काळी होते, अक्षरं पांढरी राहतात. शाई वरून लागते म्हणून ती सुलटच वाचता येतात.

पहिला कागद वाया गेला. फांद्यांतून ऊन आलं, एक कोपरा ठोकण्याआधीच वाळून उचलला. दुसऱ्या वेळी चादर धरून सावली केली. पहिल्या ओळीत 'शकु', म्हणजे शके, स्वच्छ उमटलं, पुढचे वर्षाचे अंक झिजलेले. अशा वेळी अंदाजाने अंक भरू नयेत. तिथी आणि वार शाबूत असतील तर पंचांगाच्या गणिताने वर्ष ताडून पाहता येतं.

अकरा ओळी मिळाल्या. अकरावीच्या टोकाला एकच अक्षर होतं: 'जो'. मुंबईतल्या परळच्या इ.स. ११८७ च्या शिलालेखात शापवचन 'अथ तु जो कोणु' असं सुरू होतं. दिलेलं दान मोडणाऱ्याला घातलेला तो शाप, आणि त्याच्याच खाली गाढव. आजींचं खरं असणार. चौथऱ्याच्या कडेने दगडाचे पापुद्रे सुटू लागलेत, सिमेंटने कोंडलेली ओल तिथूनच वर येते. बाराव्या ओळीचा माथा जेमतेम दिसतो.