न्यू जर्सीच्या परसबागेतील किडींचे वेळापत्रक

न्यू जर्सीत भाजीपाल्याचा हंगाम आखूड असतो. थंडीने रोपे जळण्याची भीती मेच्या मध्यापर्यंत राहते आणि ऑक्टोबरात ती पुन्हा सुरू होते, त्यामुळे येथील मराठी घरांच्या मागच्या अंगणात दुधी, भेंडी, मिरची, टोमॅटो यांना जे काही वाढायचे ते मधल्या पाच महिन्यांतच. किडींनाही हेच बंधन असल्याने त्या जवळजवळ ठरलेल्या वेळी येतात, आणि त्यांचे वेळापत्रक ठाऊक असणे हे माझ्या मते कोणत्याही फवारणीपेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

जूनच्या अखेरीस जपानी भुंगेरे येतात. हिरवे डोके आणि तांब्याच्या रंगाचे पंख असलेला हा भुंगेरा अमेरिकेत प्रथम आढळला तो १९१६ साली, याच राज्यातील रिव्हर्टन गावाजवळच्या एका रोपवाटिकेत. घेवडा, भेंडी आणि गुलाब यांच्या पानांच्या शिरा तेवढ्या शिल्लक ठेवून तो उरलेल्या पानाची जाळी करतो. याच्या अळ्या जमिनीत हिरवळीची मुळे खातात. महाराष्ट्रात उसाला लागणाऱ्या हुमणीचेच हे परदेशी भाईबंद. आपल्याकडे वळवाच्या पावसानंतर कडुनिंब आणि बाभळीवर जमणारे भुंगेरे रात्री झाडे हलवून गोळा करतात. येथे तेच काम पहाटेच्या गारव्यात करावे, कारण त्या वेळी भुंगेरे सुस्त असतात आणि साबणाच्या पाण्याचे भांडे खाली धरून फांदीला धक्का दिला की त्यात आपसूक पडतात. कुरतडलेल्या पानांच्या वासाने आणखी भुंगेरे येत असल्याने पहिल्या काही दिवसांत ही वेचणी टाळू नये. दुकानांत मिळणारे पिवळे गंधसापळे मात्र छोट्या बागेत लावू नयेत, कारण ते जितके भुंगेरे पकडतात त्याहून अधिक ओढून आणतात. (शेजाऱ्याने लावले तर गोष्ट वेगळी.)

याच सुमारास भोपळावर्गीय वेलींना खोड पोखरणारी अळी लागते, आणि नवख्या बागायतदाराला सर्वाधिक चकवते ती हीच. तिचा पतंग गांधीलमाशीसारखा दिसतो, दिवसा उडतो आणि बुंध्याजवळ एकेक अंडे घालतो. अळी खोडात शिरल्यावर वेल दुपारी माना टाकते, आणि आपण पाणी कमी पडले असे समजून पाणी घालत राहतो. खोडाच्या बुडाशी लाकडाच्या भुशासारखी ओलसर विष्ठा दिसली की निदान निश्चित समजावे. मग धारदार पात्याने खोडाला उभा छेद देऊन अळी काढावी आणि जखम ओल्या मातीने झाकावी, म्हणजे वेल पुष्कळदा वाचते. झुकिनी आणि लाल भोपळ्यावर हिचा विशेष रोख असतो; दुधीला त्या मानाने त्रास कमी होतो. लागणीपासून पातळ कापडी आच्छादन घालणे हा खात्रीचा उपाय आहे, परंतु मादी फुले दिसू लागताच मधमाश्यांसाठी ते काढावे लागते.

टोमॅटोवरील बोटाएवढ्या हिरव्या, शिंगवाल्या अळ्या हाताने वेचता येतात. मात्र जिच्या पाठीवर तांदळासारखे पांढरे कोश चिकटलेले असतील ती अळी तशीच राहू द्यावी; ते कोश परोपजीवी गांधीलमाशीचे असतात, आणि त्यांतून निघणाऱ्या माश्या पुढच्या अळ्यांचा समाचार घेतात.

आता कडुनिंबाविषयी, कारण आपली सर्व भिस्त त्यावर असते. येथील दुकानांत कडुनिंबाचे तेल म्हणून मिळणाऱ्या अनेक बाटल्यांतील द्रव शुद्धीकरण केलेला असून त्यातील कीटकांची वाढ रोखणारे अझाडिरॅक्टिन जवळजवळ काढून टाकलेले असते. उरलेले तेल मावा किंवा पांढरी माशी यांच्या अंगावर थेट पडले तरच त्यांना गुदमरवते, म्हणून पानांच्या खालच्या बाजूला, ऊन उतरल्यावर आणि मधमाश्या परतल्यावर फवारावे. अझाडिरॅक्टिन हवे असल्यास लेबलवर त्याचे नाव वाचूनच बाटली घ्यावी. लेबल नीट वाचण्याला आणखी एक कारण आहे: त्यावरील सूचनेविरुद्ध कीटकनाशक वापरणे हा अमेरिकेत संघीय कायद्याचा भंग ठरतो, मग ते घरच्या चार रोपांवर का असेना.

खोड पोखरणारी अळी हिवाळा जमिनीतच काढते. म्हणून ज्या वाफ्यात वेली मेल्या त्याच वाफ्यात पुढील वर्षी भोपळा लावून आच्छादन घातले, तर पतंग आतच बाहेर पडून आतच अंडी घालतो. ज्यांच्याकडे एकच वाफा आहे त्यांनी एक वर्ष तेथे मिरची किंवा मेथी घ्यावी आणि भोपळा बाजारातून आणावा.